आता खोल्लंच हाये तं…

ताडोबात जिप्सीत बसलेली माणसं एकाच वेळी आठ दिशांना बघतात. सहा पर्यटक, एक गाइड आणि एक चालक, प्रत्येकाची दिशा वेगळी, कारण वाघ कुठून निघेल याची खात्री फक्त वाघाला असते. पण पाणवठ्यावर पाच-सात जिप्स्या ओळीने उभ्या राहिल्या आणि बराच वेळ काहीच घडलं नाही, की माझं लक्ष हमखास शेजारच्या गाडीच्या पुढच्या चाकाकडे जातं. चाकाच्या आतल्या अंगाला एक काळा ओघळ उतरलेला असतो. त्यावर धूळ, धुळीवर तेल, तेलावर पुन्हा धूळ, असे थरावर थर. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यात मागचे हंगाम मोजता यावेत. वाघ दिसणं नशिबावर असतं. ओघळ प्रत्येक फेरीला दिसतो आणि त्याचं वेगळं शुल्क पडत नाही.

पुढच्या एक्सलचं ऑइल सील गेल्याची ही जाहीर सूचना असते आणि ती गाडीमालक सोडून सगळ्यांना वाचता येते.

मालकाच्या लेखी गळतीच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी, "थोडंसं ओलं हाये." ही पायरी दोन-दोन वर्षं टिकते. दुसरी, "घाम येऊन राहिला." चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, त्यामुळे या निदानाला हरकत घेता येत नाही, त्या दिवसांत घाम कलेक्टरलाही येतो. तिसऱ्या पायरीवर अंगणातल्या फरशीवर ठिपका पडतो. मग मालक गाडी लावायची जागा बदलतो आणि ठिपका शेजाऱ्याच्या गाडीचा आहे असं घरात सांगतो. चौथ्या पायरीवर तेल ब्रेकपर्यंत पोहोचतं. पेडल दाबलं की गाडी एका अंगाला ओढते. तेव्हा कुठे मालक गंभीर होतो आणि म्हणतो, "अलाइनमेंट पाहा लागते."

1 जुलैला ताडोबाचा कोअर भाग पावसाळ्यापुरता बंद होतो तो थेट ऑक्टोबरच्या तोंडाशी उघडतो. वन्यजीवांना या तीन महिन्यांत विश्रांती मिळते. जिप्सीला मिळत नाही. एरवी फक्त मंगळवारी सुट्टी घेणाऱ्या या गाड्या मग चंद्रपूर, मूल, चिमूर अशा ठिकाणच्या गॅरेजांत येऊन उभ्या राहतात. बाहेर पाऊस, आत मिस्त्री, आणि मिस्त्रीभोवती गावातली सगळी रिकामी माणसं. मला यांत्रिकी कामातलं काही कळत नाही असं कोणी म्हणू शकणार नाही, कारण मी अशा बैठकांना स्टुलावर बसून नियमित हजेरी लावतो.

आता हे सील कशाला असतं ते सांगितलंच पाहिजे. मागच्या चाकाने नुसतं ढकलायचं असतं. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत पुढच्याने ढकलायचंही आणि वळायचंही. इंजिनाकडून आलेली फिरकी सरळ दांड्यातून येणार आणि चाक मात्र तिरकं झालेलं असणार. हे जमवून आणणारा सांधा आल्फ्रेड झेपा नावाच्या अभियंत्याने 1920 च्या दशकात अमेरिकेत काढला. पिंजऱ्यात सहा पोलादी गोळ्या, आणि चाक कितीही वळलं तरी वेगात झटका नाही. 1959 च्या ब्रिटिश मिनी गाडीने याच जातीचा सांधा घरोघरी नेला. जिप्सीत तो एका पोकळ लोखंडी गोळ्याच्या पोटात असतो. त्या गोळ्याला कवटाळून बसलेला लोखंडी भाग चाकासकट डावी-उजवीकडे फिरतो. गॅरेजात त्याला नकल म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्येही गोळ्याचाच प्रकार होता. अशा सहा लाखांवर जीप तेव्हा बाहेर पडल्या, त्यामुळे गोळा आणि त्याची गळती जगभर बरोबरच पोहोचली. 2023 मध्ये आपल्याकडे आलेल्या जिम्नीतही तो आहे, म्हणजे मिस्त्रींच्या पुढच्या पिढीची सोय झाली.

एक्सलच्या नळीत, डिफरन्शियलच्या बाजूला, पातळ गिअर ऑइल. गोळ्याच्या पोटात घट्ट ग्रीस. या दोघांची भेट होऊ नये म्हणून मध्ये ऑइल सील नेमलेलं. पत्र्याचं एक कडं, त्याला रबराची पातळ धार, आणि ती धार दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. रबर दांड्याला टेकल्यासारखं दिसतं, पण दांडा फिरू लागला की मधे तेलाचा एक पापुद्रा येतो, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका. हा पापुद्रा नसेल तर रबर कोरडं घासून जळतं. थोडक्यात, तेल अडवायला ज्याला बसवलं त्यालाच थोडं तेल मिळाल्याशिवाय तो जागेवर टिकत नाही. सरकारी कचेरीत ज्यांची कामं पडली आहेत त्यांना ही रचना लगेच समजते.

वर्षानुवर्षं उन्हाने आणि धुळीने ते रबर कडक होतं, धार बोथट होते, आणि गिअर ऑइल हळूच गोळ्यात शिरतं. ग्रीस सैल पडतं. दोघं मिळून जे द्रव्य तयार होतं ते रंगाने, दाटपणाने आणि कपड्यावरचा डाग जन्मभर न जाण्याच्या बाबतीत सावजी रश्श्यासारखं असतं. गोळ्याच्या बाहेरच्या अंगाला नमद्याची पट्टी आणि रबराचं कडं असा आणखी एक पहारा असतो, पण त्याची नेमणूक धूळ आणि पाणी बाहेर ठेवण्यासाठी. आतला रस्सा आत ठेवणं त्याच्या अधिकारात येत नाही. तो बाजूला होतो, आणि टायरवर ओघळ उतरतो.

तर हे सील. किंमत काहीशे रुपयांतली, आकार तळहातावर मावेल इतका. आणि ते बसवलेलं कुठे, तर गोळ्याच्याही आत, नळीच्या तोंडाशी. तिथे पोहोचायचं तर आधी चाक. मग ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधून वर लटकवायचा. मग हबचं टोपण, दांड्याच्या टोकाचं लॉक, मोठा नट, हब, त्यातली बेअरिंगं, मग स्पिंडल, मग सांध्यासकट आख्खा दांडा ओढून बाहेर. गोळ्यामागचं नमद्याचं कडं खोलायचं म्हणजे बोल्ट आले, आणि त्यातला एक तरी तुटणार. ज्या गॅरेजात तो तुटत नाही तिथे काम अजून सुरू झालेलं नाही असं समजावं.

सगळं फरशीवर मांडून झालं की मिस्त्री वेस्टने हात पुसतो, बिडी पेटवतो, आणि ज्या वाक्यावर महाराष्ट्रातली निम्मी गॅरेजं उभी आहेत ते वाक्य उच्चारतो.

"आता खोल्लंच हाये तं भाऊ, किंगपिनचे बेअरिंगही टाकून घेऊ."

या वाक्याला उत्तर नाही. त्यात लबाडी असती तर मालकाला भांडता तरी आलं असतं. पण वाक्य खरं आहे. नकल ज्यांवर वळतो ती किंगपिनची बेअरिंगं खरोखरच तिथेच असतात, वर एक आणि खाली एक. खालच्यात पाणी शिरून त्याचे रोलर गंजलेले असतात, आणि ती बदलायला पुन्हा हेच सगळं खोलावं लागणार असतं. मजुरी एकच. मालक मान हलवतो. मान हलली की दुसरं वाक्य येतं. हबची बेअरिंगं आता हातातच आहेत. ब्रेकचे पाइप फुगलेत. ब्रेक पॅडला तेल लागलंय, ते आता डिझेलने धुवा की गंगाजळाने, पकड धरणार नाहीत. टायरॉडच्या टोकात खेळ आहे. उजवीकडचं केलं आणि डावीकडचं ठेवलं तर गाडी काय म्हणेल?

गाडी काही म्हणत नाही. मालकाची बायको म्हणते, पण ती फोनवर असते.

मी पाहिलेल्या एका कामात सील बदलायला आलेल्या गाडीचा संध्याकाळपर्यंत पुढचा भाग उरला नव्हता. दोन घोड्यांवर नुसती चेसिस आणि मागे "अतिथी देवो भव" लिहिलेलं स्टिकर. मालक त्या स्टिकरकडे बराच वेळ बघत होता.

अशा वेळी सल्लागार मंडळाचा आधार वाटतो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका असतातच. ते कधी कशाला हात लावत नाहीत, पण त्यांच्याइतकं बरोबर कोणी बोलत नाही, म्हणून त्यांचं कोणी ऐकत नाही. एक गाइड असतो. तो पावसाळ्यात मोकळा असल्याने गळलेल्या तेलाचाही माग काढून दाखवतो. "हे पाहा, इथून निघालं, इथं थांबलं, मंग खाली गेलं." आणि मालकाचा पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला भाचा असतो, सुट्टीत आलेला, ज्याने मोबाइलवर ऑस्ट्रेलियातल्या माणसाला हेच काम स्वच्छ पांढऱ्या फरशीवर रबरी हातमोजे घालून करताना पाहिलेलं असतं.

"मामा, ह्यांना विचारा ना टॉर्क किती देतात."

मालक मिस्त्रीला विचारतो. मिस्त्री पान्याकडे बघतो, पान्याच्या टोकाला लावलेल्या पाइपच्या तुकड्याकडे बघतो, आणि म्हणतो, "लागते तेवढा."

नवं सील नागपूरहून बसने येतं. दुकानदार ते ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हवाली करतो, ड्रायव्हर केबिनमध्ये समोर ठेवतो, आणि इकडे गॅरेजातला पोऱ्या सायकलवर चौकात जाऊन बस अडवतो. इतक्या खात्रीची टपाल व्यवस्था देशात दुसरी नाही. पुडा आला की तो ओरिजिनल की डुप्लिकेट याची चौकशी बसते. जिप्सी 1985 मध्ये आली आणि 2018-19 च्या सुमारास कारखान्यात बनायची थांबली. जुन्या गाड्या मात्र थांबायला तयार नाहीत, त्यामुळे पुड्यांचे प्रकार वाढतच गेले. भाचा होलोग्राम तिरका धरून बघतो. गाइड वास घेतो. काका सीलवर छापलेले तीन आकडे वाचतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, आणि म्हणतात, "माप बरोबर असन तं बाकी नाव कोणाचंही राहू द्या." मिस्त्री अंगठ्याने रबराची धार वाकवतो, सोडतो, ती किती चपळाईने परत येते ते बघतो, आणि सील बाजूला ठेवतो. ही परीक्षा पास की नापास हे तो सांगत नाही. बसवायला घेतलं की पास.

खरी कला इथून पुढे आहे, आणि इथे माझी चेष्टा थांबते. जुना दांडा डिझेलने धुऊन उजेडात धरला तर सील जिथे बसायचं तिथे एक चकचकीत चर दिसते. बोटाला जाणवेल इतकी. मऊ रबराने पोलादावर पाडलेली. एकटं रबर हे करत नाही. त्याच्या धारेखाली ताडोबाची बारीक धूळ अडकते आणि हजारो किलोमीटर पोलाद घासत राहते. नवं सील जुन्याच जागी, तळाला टेकेपर्यंत ठोकलं तर त्याची धार नेमकी त्या चरीत बसते आणि पहिल्याच आठवड्यात पुन्हा "थोडंसं ओलं हाये". मिस्त्रीने काही न बोलता सील दीडेक मिलिमीटर बाहेर ठेवलं. धार आता कोऱ्या पोलादावर. भाच्याच्या व्हिडिओत हे नव्हतं. त्या ऑस्ट्रेलियन माणसाने नवा दांडाच मागवला होता.

सील ठोकायची सगळ्यांची आपापली पद्धत असते. स्प्रिंगची बाजू तेलाकडे, यावर एकमत. ठोकायचं कशाने, यावर पंथ आहेत. लाकडी ठोकळावाले, जुन्या बेअरिंगचं कडं उलटं धरणारे, योग्य मापाचा सॉकेट वापरणारे, आणि छिन्नी धरून गोल गोल फिरत ठोकणारे, ज्यांच्याकडे आपण गाडी नेऊ नये. आमच्या मिस्त्रीकडे कुठल्याशा ट्रॅक्टरच्या बुशचा तुकडा होता, जणू याच सीलसाठी जन्मलेला. चार ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर बोट फिरवून बघणं, की कडं कुठे तिरकं तर नाही. रबराच्या धारेला तेलाचं बोट. मग दांडा आत सरकवायचा. दांड्याच्या टोकाला खाचा असतात, धारदार. त्या नव्या रबरावरून खरवडत गेल्या तर सील बसण्याआधीच जातं. भाच्याने खाचांवर टेप गुंडाळायला सांगितलं आणि या एका सूचनेवर त्याचा पहिल्यांदा मान राखला गेला. पोऱ्याने दांड्याचं वजन दोन्ही हातांवर तोललं, मिस्त्रीने टोक धरून डोळे मिटले, आणि आवाज न होता दांडा डिफरन्शियलमध्ये जाऊन बसला. गॅरेजात तेवढा वेळ कोणी खोकलंसुद्धा नाही.

काका मात्र मधूनमधून एकच गोष्ट म्हणत होते. "ब्रीदर पाहिला का जी?"

कोणी पाहिला नव्हता. एक्सलच्या पाठीवर श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र असतं, त्याला ब्रीदर. गाडी चालली की आतलं तेल तापतं, हवा तापते. सकाळी 30 अंशांवर असलेली हवा दुपारी 80 अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला वाट नसली, तर आतला दाब जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढतो. हवेला कुठूनही निघायचंच असतं, आणि सगळ्यात मऊ जागा सीलची. ती तेलाला पुढे घालून निघते. उलटा प्रकार नाल्यात. तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. मग तेल काढलं की दुधाळ निघतं. हे सगळं टाळण्यासाठी ते छिद्र. पावसाळ्यात त्यात चिखल जातो, उन्हाळ्यात चिखल भाजून वीट होतो, आणि पुढची दहा वर्षं माणसं सील बदलत राहतात.

काकांचं म्हणणं असं चोख होतं. पण ब्रीदर बदलायला काही खोलावं लागत नाही, त्यासाठी माल मागवावा लागत नाही, आणि तो साफ करायला खर्च येतो एका तारेचा. अशा गोष्टीवर गॅरेजात कोणाचा विश्वास बसावा? आजार मोठा असेल तर औषध महाग असलंच पाहिजे, अशी आपल्या सगळ्यांचीच श्रद्धा आहे.

गाडी तयार झाली. दोन्ही बाजूंची सीलं, किंगपिनची बेअरिंगं, हबची बेअरिंगं, नवा नमदा, नवे पॅड, ब्रेकचे पाइप, आणि एक तुटलेल्या बोल्टच्या जागी नवा बोल्ट. मालकाने बिल पाहिलं आणि बिलाची घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात घातली, म्हणजे घरी ते कपडे धुताना सापडायला नको. बफरमधली काही गेटं पावसाळ्यातही सुरू असतात. पहिल्याच फेरीला गाडी गेली, आली, आणि मालकाने आल्या आल्या चाकांखाली टॉर्च मारला. चाकं कोरडी. आतलं अंग कोरडं. मिस्त्रीने मालकाकडे पाहिलं नाही, काकांकडे पाहिलं.

मग पोऱ्या म्हणाला, "उस्ताद, हे मधात काय हाये?"

दोन चाकांच्या मधे, जिथे इंजिनाकडून येणारा शाफ्ट डिफरन्शियलला जोडला जातो, तिथे एक नवा कोरा थेंब लोंबत होता. पिनियनचं सील. चाकांकडची दारं बंद झाल्यावर आतल्या हवेने तिसरं दार शोधून काढलं होतं.

काका काही बोलले नाहीत. स्टुलावरून उठून त्यांनी कोपऱ्यातली तार उचलली आणि पोऱ्याच्या हातात दिली. पोऱ्याने गाडीखाली जाऊन ब्रीदरमध्ये तार घातली, आणि टायरची हवा सोडताना येतो तसला एक बारीक, लांबलचक आवाज सगळ्यांनी ऐकला.

"म्हणजे आधी हेच केलं असतं तं," मालक म्हणाला, "सीलं बदलाच लागली नसती?"

"सीलं तं गेलेलीच होती ना भाऊ," मिस्त्री म्हणाला. चर त्याने स्वतःच्या बोटाने पाहिली होती, त्यामुळे हेही खरंच होतं. "तुम्ही पाहिलं ना, कशी झाली होती."

"मंग हे पिनियनचं? आता दाब गेला तं थांबन का?"

मिस्त्री वाकला. थेंब बोटावर घेतला, अंगठ्याने चोळला, पुन्हा पाहिला.

"रबर उलटलं असन तं नाही थांबणार. खोलून पाहा लागते. त्यासाठी शाफ्ट उतरवा लागते." तो पाना शोधू लागला. "आणि शाफ्ट उतरवलाच तं भाऊ, त्याचे दोन्ही क्रॉस…"